प्रमोदिनीबाईंची गळालेली वाक्यं

औरंगपुऱ्यातल्या नाटक मंडळीत आधी नायिका सदाशिव करायचा. पोस्टातला कारकून, पण नऊवारी नेसून निघाला की बायका त्याला बघून आपली चाल सुधारायच्या. पोलीस ॲक्शननंतर चौथ्या वर्षी मंडळीला खरी बाई मिळाली, प्रमोदिनीबाई. सदाशिवनं मिशी राखली आणि विंगेत प्रॉम्प्टिंग धरलं. निम्मे लोक नाटक बघायला यायचे, निम्मे असल्या बाईचा नवरा कसा दिसतो ते बघायला.

नवरा व्यंकटराव, गावातले नामांकित सुधारक. प्रमोदिनीबाईंची अडचण त्यांना एकट्यालाच ठाऊक होती. बाईंचे वडील निजामाच्या कचेरीत पेशकार. उर्दू आली की जन्माची ददात मिटली, म्हणून त्यांनी मुलीला उर्दू शाळेत घातलं. मग निजामच गेला. बाई मराठी बोलायला फर्ड्या, पण मराठी कागदावर त्यांना नुसत्या मुंग्या दिसायच्या. सकाळच्या चहाला व्यंकटराव त्यांच्या भूमिकेची नक्कल वाचून दाखवायचे, बाई ती उर्दू अक्षरांत उतरवून घ्यायच्या. बाराखडी शिकते म्हटलं की ते म्हणायचे, मी आहे ना. मंडळीत नाटकाचं वाचन असलं की बाईंचा घसा हमखास बसायचा.

आठ वर्षं दर प्रयोगात बाईंची दोन-चार वाक्यं गळायची. चालक नानासाहेबांनी शेवटचं बजावलं, यंदा एक जरी गळलं तर नायिका पुन्हा सदाशिव. बाईंना ना मूल ना माहेर. स्टेज गेलं की चुलीपुढचा पाट तेवढा उरणार होता. पाठ करून करून त्यांची झोप उडाली.

तालीम सुटल्यावर सदाशिवनं त्यांना गाठलं.

"वहिनी, तुम्ही विसरत नाही. विसरणारा कुठंही विसरतो. तुमचं तेवढंच जातं, जिथं बायको नवऱ्याला उलटून बोलते."

आठ वर्षं चहाच्या कपाआडून व्यंकटराव काय गाळत होते ते बाईंना एकदम कळलं. ज्याची जागा घेतली त्याच्याच हाती मान द्यायची वेळ आली होती. त्यांनी सगळं सांगून टाकलं. सदाशिवनं प्रॉम्प्टिंगची वही उघडून त्यांची नक्कल शब्दन् शब्द वाचून दाखवली.

यंदाच्या प्रयोगात बाईंनी काना-मात्रा सोडली नाही. "तुमच्या अन्नापेक्षा उपास बरा" याला टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिल्या रांगेत व्यंकटरावांनीही वाजवल्या. सुधारकच ते.

महिन्यानं पुढच्या नाटकाचं वाचन होतं. बाई खाकरू लागल्या, तोच त्या दिवशी सोबत आलेल्या व्यंकटरावांनी नव्या नाटकाची वही त्यांच्या मांडीवर ठेवली.

"घसा बरा आहे तिचा. आज तीच वाचील."

मी वाचतो, असं म्हणत सदाशिव पुढं सरकला. नानासाहेबांनी त्याला बसवलं.

बाईंनी पान उघडलं, उलटलं, पुन्हा मागं घेतलं.

"मला मराठी वाचता येत नाही."

मंडळी हसली, बाईंनी काय झकास थट्टा केली म्हणून. त्या तेच दुसऱ्यांदा बोलल्या, तेव्हा कुणी हसलं नाही. आठ वर्षं आम्हाला फसवलंत, नानासाहेब म्हणाले. मराठी नाटक मंडळीची नायिका आणि मराठीला अंगठेबहाद्दर, उद्या लोक तोंडात शेण घालतील. त्यांनी वही सदाशिवपुढं केली. त्यानं ती घेतली नाही, पण घेणारे आणखी होते.

व्यंकटराव मात्र सगळ्यांदेखत बाईंना हात देऊन उठवायला धावले.