दिवाळीनंतरचा डबा

व्यंकटमामा बिचारे नव्हते.

काल सकाळी ते गेले तेव्हापासून गल्लीच्या ग्रुपवर "गरीब बिचारा माणूस गेला" असे मेसेज येऊन राहिलेत.
ज्यांनी टाकले त्यांनी आधी ते डिलीट करावेत. मग पुढचं वाचावं.

जे लातूरबाहेर आहेत त्यांच्यासाठी सांगतो.
आमच्याकडं नळाला रोज पाणी येत नाही. पाळी असते. आठवड्यातून एकदा, कधी त्याहून उशिरा. गल्लीच्या कोपऱ्यावर जमिनीत वॉल्व आहे. तो लोखंडी चावीनं फिरवून पाणी सोडणारा माणूस म्हणजे आमचे व्यंकटमामा. मूळचे जळकोटकडचे.

अशा माणसाला दिवाळीत कोण विसरेल?
पेपरवाल्याला, घंटागाडीवाल्याला उरलंसुरलं देणारे लोकसुद्धा पाणी सोडणाऱ्याला मात्र दिवाळीच्या आधीच डबा पोचवतात.
कशासाठी, ते सगळ्यांना माहीत आहे.

मी मोटार वाइंडिंगचा मिस्त्री. शाळा आठवीपर्यंत, बाकी सगळं माझं मी शिकलो. तारेचा गेज अंदाजानं घेत नाही, मोजून घेतो.
मामांबद्दलही अंदाजानं लिहिणार नाही. झालं तेच लिहितो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या पूजाची लग्नानंतरची पहिली दिवाळी. दिवाळसण.
जावई नांदेडहून येणार, सोबत त्यांची आई, म्हणजे आमच्या विहीणबाई.
आमचं घर गल्लीच्या चढावर, अगदी शेवटचं. पाणी सगळ्यात शेवटी आमच्याकडं येतं आणि सगळ्यात आधी जातं.
आणि पाळी नेमकी नरकचतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी.

माझ्या बायकोला, लताला, एकच धास्ती. जावयाच्या पहिल्या अभ्यंगस्नानाला घरात पाणी नसलं तर?

तिनं चकली, चिवडा, करंज्यांचा डबा भरला. वर शर्टपीस, टॉवेल, टोपी. पिशवी घेऊन स्वतः कोपऱ्यावर गेली. मी मागं.

मामांनी चावी भिंतीला टेकवली, हात पुसले. पिशवीत डोकावलेसुद्धा नाहीत.

"ताई, दिवाळी झाल्यावर द्या."

लता म्हणाली, मामा, पाहुणे येणार हायत, फक्त एक दिवस आधी सोडा.

मामा म्हणाले, "आधी दिलं की ते पाण्याचं होतंय, ताई. नंतर दिलं की माझं होतंय. मला माझं पायजे."

लता तडक घराकडं निघाली. उंबऱ्यात आल्यावर बोलली.
"लई शिष्ट हाय तुमचा मामा. खालच्या बंगल्यातून मोठा डबा गेला आसंल. आपल्या चकल्या कशाला लागतेत त्याला."

पाणी एक दिवस आधी आलं नाही.

जावयाची पहिली अंघोळ शेजारच्या बोअरच्या पाण्यानं झाली. ते पाणी जड. साबणाला फेस येईना, उटणं अंगावरून निघेना. जावईबापू फराळाला बसले तेव्हा कानामागं उटणं तसंच.
विहीणबाईंनी ते पदरानं पुसून घेतलं. लताला तेच जास्त लागलं.

पाडव्याला खालच्या बंगल्यातले शेठ भेटायला आले. चहा अर्धा व्हायच्या आत मामांचा विषय काढला.
म्हणाले, काजूचा डबा पाठवला होता, तोही चांदीच्या वाटीसकट. आणि या माणसाची हिंमत बघा, ड्रायव्हरच्या हाती तसाच परत!

लता उठून आत गेली.
स्वयंपाकघरातून हसण्याचा आवाज आला. शेठना वाटलं टीव्ही चालू आहे.

भाऊबीज झाली आणि मामा आपल्या पायानं आमच्या दारात.
"ताई, आणा आता काय देणार होत्या ते."
"चकल्या मऊ पडल्या मामा."
"पडू द्या. दात तरी कुठं राह्यलेत."

बसले. चहा घेतला. जाताना मला टोमणा मारायला विसरले नाहीत. म्हणाले, मिस्त्री, तुम्ही दुरुस्त केलेल्या मोटारी लोक नळाला लावून पाणी ओढून राहिलेत, म्हणून तर तुमच्याच घराला पाणी चढत न्हाई.
मी म्हणालो, मी मोटार दुरुस्त करतो, नळाला लावत नाही.
माझ्या नळाला आजही मोटार नाही. ज्याला शंका असेल त्यानं येऊन बघावं.

तेव्हापासून आमच्या गल्लीत पाणी सोडणाऱ्याचा डबा भाऊबीजेनंतर जातो. कुणी मीटिंग घेतली नाही, बोर्ड लावला नाही. एकानं पाहिलं, दुसऱ्यानं केलं. शेठनीसुद्धा.

आता कालचं.

यंदाचा शर्टपीस, टॉवेल, टोपी लतानं दसऱ्यालाच आणून कपाटात ठेवलं होतं.
बातमी आली तशी तिनं पिशवी बाहेर काढली. परत आत ठेवली.
दिवाळी पुढच्या आठवड्यात आहे.

"आधी नेलेलं चालत न्हाई त्यांना," म्हणाली.

 

थोड्या वेळानं तिनंच कपाट उघडलं.

मामांच्या घरी अंगणात त्यांना ठेवलं होतं. आलेले लोक अंगावर नवं कापड घालत होते. लतानं शर्टपीस उलगडून पसरला. टॉवेल ठेवला. टोपी डोक्याशी.
मग वाकली. हळू बोलली, पण मी शेजारीच होतो.

"मामा, आता तुमच्याकडं मागायचं काही राह्यलं न्हाई. आता घ्या."

उद्या आपल्या गल्लीची पाळी आहे. चावी नव्या माणसाच्या हातात असेल.
त्याला चहा विचारा. नाव विचारा.
डबा मात्र भाऊबीजेनंतर.

व्यंकटमामा, गल्लीच्या शेवटच्या घराचा तुम्हाला शेवटचा नमस्कार.