मोला, मले, मला

ज्या दिवशी मी त्या रकान्यात शून्य लिहिलं, त्या दिवशी चहा नेहमीपेक्षा गोड लागला. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढे स्वतःची बाजू मांडायचा मोह होईल.

खापरखेड्याच्या वाटेवर आमची प्राथमिक शाळा. सकाळी खिडकीच्या कठड्यावरून बोट फिरवलं की वीजकेंद्राची राख बोटाला लागते. शाळेच्या मागे वीटभट्ट्या आहेत आणि तिथे राबणारी बहुतेक कुटुंबं छत्तीसगढची. पूर्वी दिवाळीनंतर यायची, पावसाआधी जायची. मग काही इथेच राहिली. त्यांची मुलं माझ्या पहिलीच्या वर्गात येत आणि महिनोन्महिने माझ्या तोंडाकडे बघत बसत.

त्यांत एक मुलगी होती, फार बोलकी. 'मोला पानी दे' म्हणायची. मोला म्हणजे मला. वहीतही तेच लिहायची. मी लाल पेनानं काट मारून वर 'मला' लिहायचे. रोज.

ते लाल पेन माझ्या हाती कसं आलं, तेही सांगते. डी.एड.च्या सराव पाठात माझ्या तोंडून 'मले खडू द्या' निघून गेलं. आमच्या घरात, गावात, खाप्याच्या बाजारात, सगळीकडे मलेच. पुण्याकडून आलेल्या बाईंनी पाठ थांबवला, माझ्याकडे बोट केलं आणि अख्ख्या वर्गाकडून 'मला, मला, मला' म्हणवून घेतलं. त्या बाईंवरचा राग मी आजही सोडलेला नाही. त्यांचं काही वाकडं करता आलं नाही. जीभ मात्र घासून घेतली. शाळेत मला, बाहेर मले.

त्या मुलीची आई बारावी शिकलेली होती आणि पालकांच्या समितीवर होती. एका सभेत ती उठली आणि म्हणाली, पहिलीच्या पोरांना रोज एक तास त्यांच्या बोलीतून शिकवा, मी स्वतः येते मदतीला. त्याच वाटेनं ती मराठीत येतील. मी म्हटलं, आज छत्तीसगढी, उद्या तेलुगू, परवा आणखी कोणाची. बाहेरून आलेल्या प्रत्येकाची भाषा शाळेत आणली तर मराठीनं कुठे जायचं?

"आम्ही बाहेरचे कधी झालो मॅडम?" ती म्हणाली. "माझ्या सासऱ्याच्या लहानपणी रायपूर अन् नागपूर एकाच राज्यात होतं." मग थांबून हसली. "अन् एक सांगा. माझी पोरगी मोला म्हणते तर तुम्ही लाल पेन मारता. परवा बाजारात भाजीवालीले तुम्ही काय म्हणून राहिल्या होत्या? मले ताजी जुडी दे वं. तर मग मोला अन् मले, यात कितीक अंतर आहे?"

सगळे हसले. मुख्याध्यापक सर्वांत जोरात. "मॅडम, पकडल्या गेल्या तुम्ही." समितीचे अध्यक्ष म्हणाले, "आता मॅडमच्या वहीतही लाल पेन मारा लागते." मीही हसले. तोंडानं.

मुख्याध्यापकांना तिची कल्पना पटली. वरच्या कार्यालयाची परवानगी हवी होती, आणि त्यासाठी एक फॉर्म होता: मुलांच्या घरी कोणती भाषा बोलतात. तो वर्गशिक्षिकेनं भरायचा. म्हणजे मी. मी एकेका मुलाला विचारलं. प्रत्येकानं सांगितलं ते ऐकलं. मग सगळ्यांना हिंदीच्या रकान्यात घातलं आणि 'छत्तीसगढी' असं लिहिलेल्या रकान्यात शून्य टाकलं. कोणी विचारलंच तर ती हिंदीचीच बोली, हे उत्तर तयार होतं. मला कोणी पकडूच शकत नव्हतं. मराठीच्या काळजीपोटी केलं, असं मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आले. ती काळजी खोटी नाही, आजही आहे. पण शून्य लिहिताना माझ्या डोक्यात मराठी नव्हती. ती सभा होती आणि ते हसू.

उत्तर आलं: सदर भाषेचे विद्यार्थी नसल्याने आवश्यकता वाटत नाही. आईनं कागद दोनदा वाचला. मुलगी शेजारीच उभी होती. तिच्या डोक्यावर हात ठेवून आईनं विचारलं, "सर, मग हे कोण आहे?" सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी हजेरीपट चाळत होते. बरं वाटत होतं मला. हे लिहिताना हात अडतो, पण बरं वाटत होतं.

मुलगी हळूहळू बोलायची थांबली. आधी मोला गेलं, मग बाकीचं. तिसरीपर्यंत तो वर्ग माझ्याकडेच राहिला, आणि तिसरीत ती दिवसातून एकदाच तोंड उघडायची: "हजर मॅडम." दिवाळीनंतर तेही बंद झालं. मागच्या भिंतीवरून मला ती दिसायची, ओल्या विटा उलथवताना. तिच्या नावापुढे मी शेरा लिहिला: स्थलांतरित. तिचं घर जागचं हललं नव्हतं. शाळेपासून दहा मिनिटांची वाट.

यंदा पहिलीच्या वर्गासोबत शाळेचा कार्यभारही माझ्याकडे आला आणि तसाच फॉर्म पुन्हा आला. जुन्या फायलीत आधीच्या फॉर्मची प्रत सापडली. माझं शून्य चांगलं गोल होतं. ती प्रत घेऊन मी भट्टीवर गेले.

आई विटांच्या थप्पीला टेकून बसली होती. तिनं कागद वाचला.

"हे अक्षर तुमचं?"

"हो."

"काहून?"

"मले हसले होते सगळे. तुमच्यामुळं."

मले निघून गेलं तोंडातून. या वेळी ती हसली नाही. "एवढ्यासाठी?" म्हणाली.

मुलगी पाणी घेऊन आली. आता चांगली मोठी झालेली. ओळखलं का, मी विचारलं. "हो मॅडम. मला आठवते ना." मला. स्वच्छ, पुस्तकातलं. माझ्याकडून तिला मिळालं ते एवढंच.

"माफी मागू नका," आई म्हणाली. "मी नाही देणार. हे सगळं लिहा. तुमच्या शुद्ध मराठीत, तुमच्या लोकायनं वाचलं पाहिजे असं. अन् नावं टाकू नका. आमचं नाव तुमच्या रजिस्टरात एकदा आलं, तेवढं पुरे झालं. तुमचंही नको. नाव असलं की लोक म्हणतात, ती एकच बाई तशी होती." मग कागदाची घडी घालून तिनं पदराला बांधली. "यंदाचा फॉर्म मी भरते. तुम्ही फक्त सही करा."

सोमवारी ती आली. समोरची खुर्ची सोडून माझ्या खुर्चीत बसली आणि लाल पेन मागितलं. लाल शाई चालत नाही, मी म्हटलं. "चालवा," ती म्हणाली. एकेका मुलाला जवळ बोलावून ती त्याच्या बोलीत विचारत होती आणि लिहीत होती. रकाना भरत गेला. मी उभी होते. त्या घडीलाही तिच्या हातून पेन हिसकून घ्यावंसं वाटलं, हेही लिहून ठेवते.

शेवटी वर्गशिक्षिकेच्या मातृभाषेची ओळ आली. तिनं मान वर केली.

"मॅडम, तुमची कोणती लिहू? मलावाली का मलेवाली?"

मुलं खुदखुदली. त्यांना काय कळलं, कोण जाणे.

"मलेवाली," मी म्हटलं.

"जोरानं सांगा," ती म्हणाली. "पोरायले ऐकू येऊ द्या."