येसाजींची मापाची पेटी

येसाजी शिंदे संतापले की घरातही कन्नडात बोलायला लागत. मल्लेश्वरमच्या त्या गल्लीत हे सगळ्यांना ठाऊक होतं.

चौतीस वर्षं त्यांनी एका कारखान्यात लेथवर काम केलं. कारखान्याची मोजमापाची हत्यारं दहा हातांतून फिरतात, त्यांचा भरवसा धरायचा नाही, म्हणून स्वतःच्या पगारातून त्यांनी एकेक घेतलं: तीन मायक्रोमीटर, दोन व्हर्नियर, गेजांचा संच. दर रविवारी पेटी उघडायची, प्रत्येक हत्यार मऊ फडक्याने पुसायचं, तेलाचा हलका हात फिरवायचा. “माझ्या डोरल्याकडे कधी एवढं बघितलं नाहीत,” बायको सगुणाबाई म्हणायच्या.

गेल्या वर्षी उजव्या हाताला कंप सुटला. बारीक रेघांवर नजर ठरेना. आपल्यामागे पेटी भंगारात जाईल या धास्तीने त्यांनी ती होसकोट्याजवळच्या एका खासगी प्रशिक्षण संस्थेला दिली. शाल, नारळ, फोटो, सगळं झालं.

चार महिन्यांनी, न कळवता, ते संस्थेत गेले. वर्गात भिंतीवर मायक्रोमीटरचं भलंमोठं चित्र झळकत होतं आणि वीस मुलं-मुली ते वहीत उतरवत होती.

“हातात धरलाय कधी?” त्यांनी पहिल्या बाकावरच्या मुलीला विचारलं.

“नाही सर. तो कपाटात असतो.”

कपाट संचालकांच्या खोलीबाहेर होतं. काचेचं, कुलूपबंद. आत लाल मखमलीवर त्यांची हत्यारं मांडलेली आणि वर पाटी: ‘येसाजी शिंदे स्मृती संग्रह’.

“मी मेलोय का रे?” ते एवढ्या जोरात ओरडले की शिक्षक जयतीर्थ वर्ग सोडून धावत आले.

संचालकही बाहेर आले. “अण्णा, किती मोलाच्या वस्तू! पोरं बिघडवतील.”

“बिघडवू देत! पाडू देत! शिकताना मीही दोन पाडले होते. त्याशिवाय हात बसतो होय? चावी द्या.”

“एकदा दिलं की ती संस्थेची मालमत्ता.”

येसाजींनी चपला काढल्या आणि कपाटासमोर फरशीवर मांडी ठोकली. “मग मलाही आत मांडा. पाटी तयारच आहे.”

मुलं बाहेर जमली. कुणीतरी मोबाइल वर धरला. ते बघून संचालकांचा चेहरा उतरला. “सरी, सरी. ठीक आहे, घेऊन जा तुमचं,” म्हणत त्यांनी चावी आणली.

जयतीर्थ मान खाली घालून पेटी भरायला लागले. “मी दोनदा चावी मागितली होती, अण्णा.”

“तिसऱ्यांदा का नाही मागितलीस?”

येसाजींनी एक मायक्रोमीटर उचलला आणि पहिल्या बाकावरच्या त्या मुलीच्या हातात ठेवला. “डोक्याचा एक केस काढ आणि मोज.” मग दुसऱ्याला, तिसऱ्याला. संचालक घड्याळ बघत उभे राहिले, पण विसाव्या मुलाचा केस मोजून होईपर्यंत येसाजी हलले नाहीत.

त्याच आठवड्यात ते पेटी घेऊन आनेकलला गेले. जुने सहकारी गिरीराज यांची मुलगी हर्षिता तिथे दोन लेथ टाकून सुटे भाग बनवत होती. तिने पेटी उघडली, एक मायक्रोमीटर उचलला आणि तेलकट हातानेच समोरची सळई मोजायला घेतली.

“हात पूस आधी!” येसाजी कडाडले.

तिने हात अंगावरच्या एप्रनला पुसला. “अण्णा, स्वल्प बाजूला व्हा. उजेड अडतोय.”

ते बाजूला झाले. अर्धा तास उभे राहिले. तिने मान वर केली नाही.

घरी आल्यावर त्यांनी रिकामी पिशवी कोपऱ्यात आपटली. “उद्धट आहे पोरगी. साधा चहासुद्धा विचारला नाही. एवढी वर्षं जपलेली वस्तू, आणि तेलकट हात!”

“मग परत आणायची होतीत,” सगुणाबाई म्हणाल्या.

“आणि तिचं काम काय बंद पाडू?” येसाजी त्यांच्यावरच खेकसले, आणि ताट वाढायला सांगून हात धुवायला गेले.