भानुदासच्या घरचा चहा

ती पोस्टिंग आली तेव्हा मी नायब सुभेदार होतो. उत्तरेकडच्या सीमेवरची पोस्ट. समोरच्या कड्यावर दुश्मन, पाठीमागं दरी, वर्षातले निम्मे महिने बर्फ. त्याची तक्रार नाही, त्यासाठीच भरती झालो होतो. माझं भांडण होतं लंगरच्या, म्हणजे पोस्टवरच्या स्वयंपाकघराच्या चहाशी. पानचट! भांडं विसळून दिल्यासारखा. मी वडवणीचा माणूस. आमच्याकडं पहिल्या घोटाला कान उघडले नाहीत तर त्याला चहा म्हणत नाहीत. लंगरच्या कमांडरला मी रोज सकाळी दोन शब्द सुनावायचो आणि तो रोज "जी साब" म्हणून तसलाच चहा पुन्हा द्यायचा.

सकाळ ठरलेली असायची. अंधार फिटायच्या आधी स्टँड-टू, म्हणजे प्रत्येक जवान हत्यार घेऊन आपल्या मोर्चात उभा. उजाडलं, समोर हालचाल नाही याची खात्री झाली, की स्टँड-डाऊन. मग चहा. गारठलेल्या माणसाला त्या वेळी देव नको असतो, चहाचा मग हवा असतो.

नाईक भानुदास सुट्टीवरून परत आला तो एक कापडी पिशवी घेऊन. गेवराई तालुक्यातल्या उमापूरचा गडी. बारीक चणीचा, बोलायला तिखट, कामाला वाघ. पिशवीत चहापूड होती. त्याच्या आईनं घरी मिसळलेली, निम्मी दाणेदार, निम्मी बारीक डस्ट. दाणेदार वासाला, डस्ट रंगाला आणि कडकपणाला. पोस्टवर दूध पावडरचं. त्याला एक पिठूळ चव असते, ती भल्याभल्या चहाला गिळून टाकते. ही पूड त्या दुधाला पुरून उरली.

मी पहिला मग रिकामा केला आणि म्हणालो, "हे कुठं लपवून ठेवलं होतंस बे?"

भानुदास हसला. "नशीब बगा साहेब. घरी पूड हाय, दूध न्हाई. हितं दूध हाय, पूड न्हाई. म्हणून घेऊन आलो."

"घरी म्हैस हाय म्हणालतास की."

"हाय ना. पर दूध समदं डेरीत. आई घरात थेंब ठिवत न्हाई. कोराच पितेत."

डेरी म्हणजे गावची सहकारी दूध संस्था. दुष्काळाचं साल होतं. विहिरी आटलेल्या, ज्वारी करपलेली, बैल चारा छावणीत. अर्ध्या उमापूरच्या घरात धान्य यायचं ते त्या डेरीच्या जोरावर. आणि डेरीलाही दूध पुरत नव्हतं. चेअरमन स्वतः दारोदार फिरून म्हणायचा, शेरभर का होईना, घाला. भानुदास त्याची नक्कल करायचा आणि सगळा बंकर हसायचा.

एका सकाळी खालच्या पोस्टकडं जाणारी टेलिफोनची लाईन तुटली. जोडायला चार जणांची पार्टी गेली, कमांडर भानुदास. ऊन वर आलं आणि खालून फायरिंगचा आवाज आला. मी वायरलेस सेट उचलला.

"ब्राव्हो टू, रिपोर्ट. ओव्हर."

"ब्राव्हो टू. एक कॅज्युअल्टी. ओव्हर."

"कोण? ओव्हर."

सेटवर नुसती खरखर. मग आवाज आला, "भानुदास, साब."

सेटवर नाव घ्यायचं नसतं. त्या पोरानं घेतलं. मी त्याला रागावलो नाही. आम्ही कव्हरिंग फायर दिला, पार्टी त्याला घेऊन वर आली. गोळी मानेतून गेली होती. मी त्याची नाडी-बिडी काही बघितली नाही. बघायची गरज नव्हती.

पलटणीच्या सीओ साहेबांनी मला बोलावलं. "साहेब, तुम्ही त्याच्याच जिल्ह्यातले, बीडचे. त्याला घरी तुम्ही न्यायचं." एस्कॉर्टला एक तरुण कॅप्टन आणि मी. युनिटनं गावात फोन केला होता. गावात चालू फोन एकच, डेरीतला. चेअरमनला निरोप असा, की आमचा माणूस येईपर्यंत घरी सांगू नका.

औरंगाबादला विमान उतरलं. तिथून फुलांनी सजवलेल्या ट्रकमध्ये भानुदासची पेटी, पुढं आमची जीप. गेवराईत ट्रक थांबवला. कॅप्टन मला बाजूला घेऊन म्हणाला, "साहेब, तुम्ही पुढं जा. एक तास देतो. मग मी गाडी हलवणार. आईला गाडी बघून कळता कामा नये."

"जी सर."

लढाईत मी घाबरलो नाही असं म्हणणार नाही, पण त्या रस्त्यावर घाबरलो तसा कधीच नाही. दोन्ही बाजूंना नांगरून पडलेली काळी रानं, भेगाळलेली. मी मनातल्या मनात वाक्य जुळवत होतो आणि प्रत्येक वाक्य खोटं वाटत होतं.

वेशीजवळ पाण्याचा टँकर उभा होता. बायांची रांग, घागरी, आरडाओरडा. जीप दिसली आणि माना वळल्या.

"भान्याच्या पलटणीची गाडी हाय वाटतं!" कुणीतरी ओरडलं. "सुट्टी गावली काय त्याला?"

मी जीप थांबवली नाही. गावात बातमी माणसाच्या आधी पोचते, आणि ही बातमी मला माझ्या आधी पोचू द्यायची नव्हती.

डेरीचं शटर अर्धं खाली होतं. चेअरमन पायरीवर बसलेला. डोळे सुजलेले.

"म्या कुणाला बोललो न्हाई साहेब. काल सांजच्यापासून घशात धरून बसलोय. कुणाच्या तोंडाकडं बगवना."

"घरी कोण हाय?"

"म्हातारी एकटीच. म्हातारा छावणीवर बैलांपाशी हाय, त्याला आणाया माणूस पाठिवलाय. कावून ते न्हाई सांगितलं. सून टँकरला गेलीय."

म्हणजे भानुदासची बायको त्या रांगेतच होती. मी तिच्या समोरून जीप आणली होती.

घर पत्र्याचं, अंगण सारवलेलं. म्हातारी दारातच उभी होती. मी टोपी काढली. ती माझ्याकडं बघत राहिली, मग माझ्या मागं रस्त्याकडं बघितलं, मग पुन्हा माझ्याकडं.

"वडवणीचे साहेब न्हवं तुमी? भानुदास सांगायचा. या, बसा."

"आई, मी..."

"पानी घ्या आधी."

तिनं तांब्या दिला. टँकरच्या गावात भरलेला तांब्या. मी दोन घोट घेतले.

"आई, मला बोलायचंय."

"चहा झाल्याबगर न्हाई."

ती चुलीपाशी बसली. काटक्या सरकवल्या, फुंकणीनं जाळ केला. मी घड्याळ बघितलं. अर्धा तास गेला होता. रस्त्यावर कुठं इंजिनाचा आवाज आला की मी दाराकडं बघायचो. शेजारची एक बाई कुडावरून डोकावली.

"कोन आलंय वं?"

"भानुदासचे साहेब हायती. तू जा बाई, नंबर जाईल तुझा."

बाई गेली. पातेल्यात पाणी उकळायला लागलं. म्हातारीनं डब्यातून मूठभर पूड टाकली, साखर टाकली.

"आई, वेळ कमी हाय."

"ठावं हाय मला."

तिनं चरवी ओढली आणि पातेल्यात दूध ओतलं. चमचाभर नाही, वाटीभर नाही, चांगलं सळसळतं ओतलं. चहाचा रंग काळ्यावरून विटेवर आला. त्या घरात दूध नसतं, हे मला माहीत होतं. कप माझ्यासमोर ठेवून ती समोर बसली.

"रोज सकाळी चरवी घेऊन डेरीत जाते," ती म्हणाली. "आजबी गेलते. चेअरमननं दूध घेतलं न्हाई. आज राहू द्या काकू, म्हनला. माह्याकडं बगितलं न्हाई त्यानं. लई दिसांपासून त्यो मानूस थेंबा थेंबासाठी दारात उभा ऱ्हातोय, आन् आज दूध माघारी दिलं. तवाच माह्या काळजात चर्र झालं."

चेअरमनला वाटत होतं त्यानं लपवलं. बिचारा. ज्या घरचा पोरगा गेला त्या घरचं दूध मापात ओतायला त्याचा हात धजला नव्हता.

"आई, मग तुम्ही मला बोलू का दिलं नाही?"

"तुमी बोललात की चूल इझवावी लागंल. मयत असल्या घरात जाळ करत न्हाईत. मंग तुमाला चहा कोन दिल? माह्या लेकराचा साहेब पयल्यांदा दारात आला आन् तसाच गेला, असं व्हायचं न्हाई. प्या."

मी प्यालो. शेवटच्या घोटापर्यंत. कडक, दाट, गोड, जिभेला धरणारा. सव्वीस वर्षांच्या नोकरीत मी खूप हुकूम पाळले. इतका जड एकही नव्हता.

कप रिकामा झाल्यावर ती म्हणाली, "आता बोला."

मी उभा राहिलो. टोपी घातली, सावधान झालो. जुळवलेलं एकही वाक्य आठवलं नाही. "आई, नाईक भानुदास देशासाठी गेले. गोळी लागली. आम्ही त्यांना घरी आणलंय."

तिनं मान हलवली.

"कवा झालं? सकाळच्याला?"

"हो. ऊन वर आल्यावर."

"मंग उपाशी व्हता का त्यो?"

"नाही आई." एवढं मात्र मला खरं खरं सांगता आलं. "निघायच्या आधी चहा घेतला. दोन मग. दुसरा मी माझ्या हातानं दिला. तुमच्याच पुडीचा."

"दुधाचा?"

"दुधाचा. दाट."

"बरं झालं," ती म्हणाली. तिनं तांब्यातलं उरलेलं पाणी चुलीवर ओतलं. जाळ विझला, धूर घरभर झाला, आणि त्या धुरात ती माऊली मोठ्यानं ओरडली. टँकरवरचा गलबला थांबला. थोड्या वेळानं ट्रक गावात शिरला.

आता सव्वीस जानेवारीला शाळांमध्ये मला बोलावतात. लोक विचारतात, शहीद जवानाची आई काय म्हणाली? त्यांना वाटतं, दुसरा मुलगा असता तर तोही दिला असता, असलं काहीतरी म्हणाली असेल. मला राग येतो. मग मी राग गिळतो आणि सांगतो, तिनं विचारलं, पोरगा उपाशी होता का. तिला द्यायला माझ्याकडं खरं उत्तर होतं, एवढंच त्या दिवसातलं मला सोसवतं.

नाईक भानुदास, गाव उमापूर, जिल्हा बीड. उपाशी गेला नाही.