कवळीची कड

आमच्या कोपरच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर देवरामभाऊ कवळ्या करतात. दातांचे डॉक्टर माप घेऊन साचा पाठवतात, भाऊ त्यावरून कवळी घडवतात. मोटर सुरू झाली की जिन्यात प्लास्टिक तापल्याचा वास येतो. कुणी तक्रार करत नाही, कारण बिल्डिंगमधल्या निम्म्या म्हाताऱ्यांच्या तोंडात भाऊंचेच दात आहेत.

त्यांची खरी कला घासण्यात. मोटरला लावायच्या टोकाला ते बर म्हणतात. दातेरी कार्बाइडचा बर भराभर खातो, पण चरे पाडतो. ते चरे दगडी बर काढतो, त्याच्यामागून रबराचा. चुकीचा बर दाबून धरला की प्लास्टिक वितळलंच. कुठल्या कडेला कुठला लावायचा, हे भाऊ अंगठ्याने चाचपून ठरवायचे.

त्यांच्या बायकोची, शेवंतीवहिनींची, कवळीही त्यांनीच केलेली. दिवाळीच्या फराळाला वहिनींनी चकली बाजूला ठेवली. खालची कवळी डाव्या बाजूला आतून लागत होती, तिथे फोड आला होता. भाऊंनी दगडी बर लावून कड उतरवली. चार दिवस बरं वाटलं, पुन्हा लागायला लागलं. मग आणखी बारीक बर. मग रबर. मग मुंबईहून मुद्दाम मागवलेला एक.

"अख्ख्या डोंबिवलीचे दात बसवलेत, नि बायकोचे बसेनात," वहिनी चिडवायच्या. भाऊ मान वर न करता घासत राहायचे.

डॉक्टरांना दाखवा, असं मी म्हटलं होतं. त्यावर वहिनी म्हणाल्या, घरात कारागीर असताना बाहेर गेले तर यांच्याकडे काम कोण देईल? मिश्रीची, भाजलेल्या तंबाखूच्या भुकटीची, सवय त्यांना लहानपणापासूनची. फोडाशी मिश्री दाबली की ठणका मरतो, म्हणून ती वाढलीच होती.

होळीला पुरणपोळीसुद्धा जाईना, तेव्हा वर्तकनगरला दिलेली त्यांची लेक अक्षदा आली आणि आईला ठाण्याला घेऊन गेली. भाऊंनी कवळी रुमालात बांधून बरोबर घेतली. अजून नेमकं कुठे घासायचं ते डॉक्टर दाखवतील, असं त्यांना वाटत होतं.

पुढचं मला अक्षदानं सांगितलं. डॉक्टरांनी कवळी बसवून पाहिली, काढली, पुन्हा बसवली. म्हणाले, "देवरामभाऊ, ही कड जखमेला टेकतच नाही. कधीची टेकत नसणार."

"मग लागतंय काय?" भाऊंनी विचारलं.

डॉक्टरांनी तपासणीची चिठ्ठी लिहिली.

वहिनींचा डावा जबडा काढला. तोवर कॅन्सरची गाठ मानेत उतरली होती. आता नाकातल्या नळीतून पेज जाते. बोलता येत नाही, हाताने खुणा करतात. मोटर बंद का, हेही त्यांनी एकदा खुणेनेच विचारलं. भाऊ म्हणाले, लाईट नाहीत. पंखा चालू होता.

कुणी कवळी घेऊन आलं, जरा लागतेय, घासून द्या म्हणालं, तर भाऊ ती हातात घेत नाहीत. आधी तोंड दाखवून या, म्हणतात. असं परत पाठवलेलं माणूस दुसरीकडून घासून घेतं.

त्या जबड्यात आता कुठलीच कवळी बसणार नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. तरी वहिनींची कवळी ओट्यावर पेल्यात बुडवून ठेवलेली असते. कोरडी पडली तर वाकडी होते. भाऊ रोज सकाळी तिचं पाणी बदलतात.