जागा राखणारी

आमच्या खालच्या मजल्यावर दोन जावा राहतात. सगळी गल्ली त्यांना थोरली आणि धाकटी म्हणते, मीही तेच म्हणते. थोरली एका मोठ्या हॉटेलच्या धुलाईखान्यात चादरी इस्त्री करायची. गरम रोलरमधून चादर बाहेर आली की दोन बायकांनी दोन-दोन कोपरे धरायचे, झटका द्यायचा आणि एकमेकींकडे येत घडी घालायची. थोरलीच्या घडीच्या कडा कात्रीने कापल्यासारख्या जुळायच्या. पण इतकी वर्षं झाली तरी ती रोजंदारीवरच. सकाळी मागच्या दाराशी उभं राहायचं, मुकादमाने मान हलवली की आत जायचं.

तिथल्या बायकांनी आपली एक रीत पाडली होती. आजारी पडलेलीने बदलीवर आपल्याच घरातली बाई पाठवायची. परकी आत शिरली की जागा गेलीच म्हणून समजायचं.

थोरलीला कावीळ झाली. धाकटीला त्या कामाचा गंधही नव्हता. पिवळ्या डोळ्यांची थोरली खाटेवरून तिला शिकवायची आणि चादरीचं दुसरं टोक धरायला मला बोलवायची.

"अगं, ओढ की! चादर आहे ती, नवरा नव्हे, इतकं जपून धरायला!"

"नवऱ्याला तरी मी कुठे जपते, जाऊबाई?"

हसता हसता थोरलीला धाप लागली.

धाकटी बदलीवर जाऊ लागली आणि तिचा हात बघता बघता बसला. थोरली बरी झाली तेव्हा दोघी मिळून त्या दाराशी गेल्या. मुकादम म्हणाला, "जागा तुमच्याच घरात आहे ना? मग तक्रार कसली? ही तरणी आहे. तुझे हात गेले आता आजारपणात."

धाकटी मान खाली घालून आत गेली.

"मी नाही म्हटलं असतं तर त्याने तिसरीच घेतली असती," ती मला जिन्यात म्हणाली. ते खरं होतं. तिला स्वतःच्या कमाईची चव लागली होती, हेही खरं होतं. पुढे कितीतरी दिवस त्या घरात बोलणं कमी आणि भांड्यांची आदळआपट जास्त. मला राग नक्की कुणाचा यावा, ते ठरवता येईना. रीत परक्यांपासून राखायची म्हणून केलेली; आपल्या माणसाचा विचार कुणाच्या डोक्यात आला नव्हता.

मग थोरलीची जुनी जोडीदारीण, जिला सगळ्या ठेंगणी म्हणत, ती आजारी पडली. तिच्या घरात दुसरी बाईच नव्हती. ती थोरलीकडे आली, आणि थोरली तिच्या बदलीवर गेली.

त्या दिवसाचं धाकटीने मला सांगितलं. थोरलीच्या हातून कोपरे निसटत होते, घड्या तिरक्या पडत होत्या. मुकादम ओरडला, "काय चाललंय हे? तू अशी नव्हतीस!"

"अहो, आजारपणात हात गेले ना माझे. तुम्हीच नाही का म्हणालात?"

ठेंगणी परतली तेव्हा मुकादम स्वतः दारापर्यंत आला. "ये बाई, सुटलो एकदाचा!"

तेव्हापासून कुणीही आजारी पडली की थोरलीला बोलावणं येतं. ती चादरी बिघडवते आणि दुसरीची जागा राखते.

गेल्या महिन्यात धाकटीच तापाने फणफणली. अर्थातच थोरली गेली. सरळ घड्या घातल्या असत्या तर तिला स्वतःची जागा परत मिळाली असती, हे मला दिसत होतं. तिलाही दिसत असणारच. धाकटी तर पांघरुणातून तिच्या तोंडाकडे नुसती बघत राहायची.

ताप उतरला, धाकटी कामावर गेली आणि मुकादमाने मान हलवून तिला आत घेतलं. त्या दुपारी थोरली माझ्याकडे येऊन बसली.

"मनात आलं नाही का गं?" मी विचारलं.

"आलं की. एक घातलीसुद्धा, कडेला कड लावून. छान झाली होती हो. मुकादम यायच्या आत उलगडून टाकली."