पिलंवाली मरळ

देव आहे की नाही, या भानगडीत मी कधी पडलो नाही. पाऊस वेळेवर आला की आहे म्हणायचं, धानाची रोपं वाळली की त्याच तोंडानं त्याला शिव्या द्यायच्या. आमचा संबंध एवढाच. त्यात मी स्वभावानं तिरसट. म्हणून हे लिहितानाही संकोच वाटतो आहे, पण मनात ठेवून ठेवून आता जड झालं.

त्या पावसाळ्यात बाबांनी अंथरूण धरलं. जेवण तुटलं होतं. माझी बायको वरणभात कालवून पुढे करी, ते मान फिरवत. एका सकाळी मात्र स्वतःहून म्हणाले, "मले मरळीचा रस्सा पायजे. चिखल्याकडच्या बोडीतली मरळ." बाबांचा सारा जन्म चिखल्याच्या खाणीत गेला. सुटीच्या दिवशी ते खाणीपलीकडे, जंगलाला लागून असलेल्या एका लहानशा तळ्यावर, म्हणजे आमच्याकडच्या भाषेत बोडीवर, मासे धरायला गरी टाकून बसत. पोरपणी मीही सोबत असे. काम सुटून आमच्या गावी, करडीला, शेतीवर आल्यापासून ते दर वर्षी म्हणत, "चाल ना बाबू एकदा बोडीवर," आणि मी दर वर्षी काहीतरी काम पुढे करी. आता ते स्वतःच्या तोंडानं खायला मागत होते, एवढ्याचंच मला इतकं बरं वाटलं की तसाच मोटारसायकल काढून निघालो.

बोडीवर शांत होतं. पलीकडे एक बुढी गुडघाभर पाण्यात उभी राहून भाजी खुडत होती, तेवढीच. मोहाच्या झाडाखाली शेंदूर लावलेला देवीचा दगड आहे. त्याच्यासमोर मी नारळ ठेवला आणि म्हटलं, "माय, एक मरळ दे, आत्ता फोडतो." गरीला बेडकी लावून बसलो. दुपार टळली तरी दोरी हलेना. देवीवर चिडलो, स्वतःवर चिडलो. बाबा तिकडे वाट पाहत असतील या विचारानं जीव कासावीस झाला. आणि मग काठापासून हातभर अंतरावर पाण्यात लालसर काही वळवळताना दिसलं. मरळीची पिलं होती, शेकड्यांनी. पिलं जिथे, तिथे खाली त्यांची माय असतेच.

अशा वेळी गरी टाकायची नाही, हे मला बाबांनीच शिकवलं होतं. "पिलं संग असली का मरळीले भूक नसते, राग असते. तिच्या रागावर आपलं पोट भराचं नाही," असं ते म्हणत. मला ते शब्दन् शब्द आठवले. तरी मनानं पळवाट काढलीच: देवीनंच दाखवली, मी काय करू! बेडकी बरोबर त्या घोळक्यावर टाकली. मरळ खालून अशी तुटून पडली की गरी घशात रुतली. ओढून काठावर घेतली, तोवर पिलं चहूकडे पांगली होती.

बुढी पाण्यातून लगबगीनं आली. "सोड तिले, बाबू. तिचे पिलं आता कोन राखन?" मी खेकसलो, "माह्या बापाले बरं नाही, माय! चार दिस झाले, पोटात अन्न नाही." ती वाद घालत बसली नाही. टोपलीतली भाजी बाजूला सारून तिनं खालून एक मरळ काढली, चांगली मोठी, आणि माझ्या पिशवीत घातली. मग माझ्या हातातली घेऊन अलगद गरी सोडवली, आणि दोन्ही हातांनी तिला पाण्यात धरून बसली. बऱ्याच वेळानं मरळीनं शेपूट हलवली आणि गेली. पिलं पुन्हा तिच्याभोवती जमली की नाही, मला माहीत नाही. मी थांबलोच नाही. देवीपुढे नारळ फोडला आणि निघालो. त्या बाईला साधा हातही जोडला नाही.

बाबा त्या दिवशी पोटभर जेवले. बोटं चाटत विचारलं, "कशी गावली?" मी खाली मान घालून सगळं सांगितलं. वाटलं, आता बोलणी बसतील. ते रागावले नाहीत. ताटाकडे पाहत म्हणाले, "अन् तिच्या घरी आज काय शिजलं?" मग म्हणाले, "उद्या मले घेऊन चाल तिच्याकडे. मीच हात जोडतो."

पण उद्या माझी रोवणी, म्हणजे धानाची लावणी, होती. बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, पाणी भरलेलं, बाया ठरलेल्या; त्या एकदा दुसऱ्याकडे गेल्या की पुन्हा मिळत नाहीत. "रोवणी होऊ द्या बाबा, मग जाऊ." दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा विचारलं, तिसऱ्या दिवशीही. मग विचारणं सोडलं. शेवटची बांधी रोवून चिखलाच्या पायांनी घरी आलो, तेव्हा अंगणात माणसं जमली होती.

तेरवी झाल्यावर तांदळाची थैली घेऊन बोडीवर गेलो. ती सापडणार नाही, असं का कोण जाणे वाटत होतं. पण ती होती, त्याच पाण्यात भाजी खुडत. ती काठावर आल्यावर मी पायांवर डोकं ठेवलं तशी दचकली. ओळख पटल्यावर पहिलं विचारलं ते बाबांचं. ते गेल्याचं मी सांगितलं; तुला भेटायचं फार मनात होतं त्यांच्या, हेही सांगितलं. तिनं पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाली, "मंग आनाचं होतं ना बाबू त्यायले. मी त रोजच अथी, बोडीवर."

ती देवी होती की कुणाची आजी, याचा उलगडा मी करत नाही. तिच्यामुळे माझ्या बापाच्या पोटात चार घास गेले, हे उपकार मी मरेपर्यंत विसरणार नाही. देवाला शरण जाणं म्हणजे हाक आली की हातातली रोपं बांधावर ठेवून उठणं, हे मला उशिरा कळलं. देवीकडे मी मागितलं ते तिनं त्याच दिवशी दिलं. बाबांनी माझ्याकडे तीनदा मागितलं, आणि मी त्यांना रोवणी सांगत राहिलो.